आमची बाग

भाड्याच्या घरात माणसानं खिळे ठोकावेत, झाडं लावू नयेत, असं आता मी कुणालाही तावातावानं सांगते. मला तेव्हा असं सांगणारं कुणी भेटलं नाही. उलट, लाव म्हणणारी खुद्द घरमालकीणच होती.

चामराजपेटेतल्या त्या घराचा वरचा मजला आमच्याकडे होता आणि खाली मालकीणबाई राहायच्या. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. त्यांचं घराणं मराठीच, पण कित्येक पिढ्यांपासून बेंगळुरूत मुरलेलं. मी निपाणीची, त्यामुळे कन्नड मलाही चांगली येते. सामान लावत होते त्या दिवशी त्या वर आल्या आणि "स्वल्प चहा घेतीस की?" म्हणाल्या. मी तिथंच विरघळले. परक्या गावात आपली भाषा बोलणारं माणूस एका जिन्याच्या अंतरावर आहे, आणखी काय हवं होतं!

गच्ची मात्र अगदी भकास होती. पाण्याची टाकी, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, आणि नजर टाकावी तिकडे शेजाऱ्यांच्या तशाच टाक्या. आमच्या गल्लीत घराला घर चिकटलेलं, अंगण कुणालाच नाही. इथं कुंड्या ठेवाव्यात असं फार मनात होतं, पण बिऱ्हाड आज इथं, उद्या तिथं. तसं मी अक्कांना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "लाव गं. आम्ही कुठं जाणार आहोत?"

घोळ झाला तो या वाक्यात. मराठीत 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो आणि 'आपण' म्हटलं की तो आत येतो. कन्नडात दोन्हींना मिळून एकच शब्द. पिढ्यान्‌पिढ्या कन्नड बोलून अक्कांच्या मराठीतही तसंच झालं असणार, असं मी धरून चालले. त्यांचं प्रत्येक 'आम्ही' मी माझ्या कानात 'आपण' करून घेतलं. दोन भाषा येतात याचा मला कोण अभिमान!

मग मी गच्चीच्या मागेच लागले. नवरा बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात होता. तिथून तो रिकामे निळे ड्रम आणायचा. ते मधोमध कापायचे, तापवलेल्या सळईनं तळाला भोकं पाडायची, भोकांवर फुटक्या कौलाचे तुकडे टाकायचे. नुसती लाल माती जड होते, म्हणून तिच्यात नारळाचा भुसा आणि शेणखत कालवायचं. स्लॅबला ओल धरू नये म्हणून प्रत्येक ड्रमखाली विटा. निळा रंग मला दवाखान्यासारखा वाटला, म्हणून मी सगळे ड्रम पिवळे आणि केशरी रंगवले. मागच्या भिंतीशी कढीपत्ता आणि जास्वंद, त्यांच्यापुढे शेवंती, आणि कठड्यावर खाली लोंबणारं, दहाच्या उन्हात फुलणारं ऑफिसटाइम. दोन पावसाळे गेले आणि ती गच्ची अशी फुलली, की पलीकडच्या गच्चीवरच्या बायका कपडे वाळत घालता घालता थांबून बघायच्या.

अक्का रोज संध्याकाळी तांदूळ धुतलेलं पाणी घेऊन वर यायच्या. पाहुणे आले की त्यांनाही वर आणायच्या आणि म्हणायच्या, "बघा आमची बाग." मी हातात झारी घेऊन बाजूला उभी, फुशारून गेलेली. नवरा एकदा म्हणाला, "अगं, ती स्वतःची म्हणून सांगतेय." मी त्यालाच झापलं. म्हटलं, तुला त्यांची मराठी कळत नाही.

एक दिवस अक्का डब्यात चित्रान्न घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मुलगी परत यायलीय, वर राहील. तुम्ही स्वल्प लौकर दुसरं घर बघा." वाईट वाटलं, पण राग आला नाही. पोटची मुलगी येणार असेल तर भाडेकरूनं काय बोलावं? आम्हाला येलहंक्याला घर मिळालं. बाल्कनी बेताची होती, पण दाटीवाटीनं बरंच मावलं असतं. मी कुंड्या खाली आणायला लागले.

दुसऱ्याच कुंडीला अक्का जिन्यात आडव्या आल्या. "हे कुठं नेतीस?"

"येलहंक्याला."

"आमची बाग आहे ती."

मी हसले. "आपली म्हणा, अक्का."

"आपली नव्हे," त्या शांतपणे म्हणाल्या. "आमची. फोटो पाठवून पाठवून मुलीला बोलावलंय मी. बाग बघून तर ती यायला तयार झाली."

त्यांची मराठी इतकी चोख असेल असं मला वाटलं नव्हतं. एवढे दिवस त्यांनी एकही शब्द चुकीचा वापरला नव्हता. 'आम्ही कुठं जाणार आहोत' हेसुद्धा खरंच होतं, त्या कुठंच जाणार नव्हत्या. माझ्याच फुलांचे फोटो काढून त्यांनी मला घराबाहेर काढलं होतं, आणि ते फोटो काढताना मी वाळकी पानं खुडून त्यांना मदत केली होती. माझा विश्वासघात झाला होता, आणि तो झाल्याचं त्यांच्या गावीही नव्हतं.

नवरा चिडून टेम्पोवाल्याला वर बोलवायला निघाला. मी त्याला थांबवलं. हातातली कुंडी तिथंच पायरीवर ठेवली. कुंड्या ओढून नेता आल्या असत्या, पण ज्या माणसामुळे मी तिथं स्वतःला घरची समजत होते ते माणूस काही नेता येणार नव्हतं.

सामान चढलं. अक्का दारात कुंकवाचा करंडा घेऊन उभ्या होत्या. सवाष्ण बाई घरातून निघाली की रिकाम्या कपाळानं पाठवायची नाही, ही त्यांची रीत. मनात म्हटलं, हिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. त्यांनी बोट कुंकवात बुडवून हात पुढे केला, आणि मी मुकाट्यानं वाकून कपाळ पुढे केलं.