सिस्टर रोसिलीची घागर

मागच्या उन्हाळ्यात मी देव्हाऱ्याजवळ जाणं सोडलं होतं. देवावर राग होता असं नाही. राग असता तर भांडले असते, भांडायला मी कोणाला भीत नाही. मला लाज वाटत होती. सुरतेच्या उधन्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात कानबाईमातेचा, तिचं रूप म्हणून पुजलेला नारळ आहे. सासूबाईंनी तो खान्देशातून, गावाहून येताना, मांडीवर धरून आणला होता. त्याच्यासमोर मी जन्मभर न्हाऊनधुऊनच बसत आले. आणि आता माझ्या उजव्या पायाला वास येत होता. मातेला वाटेल, ही काय घेऊन बसली माझ्यापुढे, म्हणून मी सुनेला दिवा लावायला सांगायची आणि स्वतः खाटेवरूनच हात जोडायची. माता मला विसरली की मीच तिच्यापासून तोंड लपवतेय, हे तेव्हा धड कळत नव्हतं.

आमच्या गल्लीत मला मागून फिनाईलमावशी म्हणतात. म्हणोत. लूमच्या कारखान्यातून आमचे हे आणि मुलगा कापसाची पिंज अंगावर घेऊन घरी येतात, तरी माझ्या फरशीवर एक तंतू दिसायचा नाही. कोणाच्या घरी गेले तर आधी मोरी बघते, मग पाणी पिते. अशा बाईच्या तळपायाला, अंगठ्याखाली, शुगरमुळे जखम व्हावी आणि ती वर्ष उलटलं तरी भरू नये, याला काय म्हणावं? दुखायची मुळीच नाही. दुखली असती तर बरं झालं असतं, चार लोकांना सांगावंच लागलं असतं.

ही जखम बघितलेलं माणूस एकच होतं, सिस्टर रोसिली. आमच्या वस्तीच्या कडेला कॅथलिक सिस्टरांचा लहानसा दवाखाना आहे. तिथे त्या कितीतरी वर्षं होत्या. मूळच्या केरळच्या. तरुणपणी गुजरातेत आल्या, आधी डोंगरातल्या आदिवासी गावांमधून पायी हिंडल्या, बाळंतपणं केली, आणि गुडघे गेल्यावर उधन्यात आल्या. फिकट साडी, जाड भिंगांचा चष्मा, आणि तोंडात गुजराती, मराठी, हिंदी यांची खिचडी. बुटक्या पाटावर बसून माझा पाय स्वतःच्या मांडीवर घ्यायच्या. पहिल्या दिवशी मी झटकन पाय ओढून घेतला होता. मांडीवर पाय ठेवायचा म्हणजे काय, त्या वयाने मोठ्या, देवाच्या बाई. त्यांनी तो परत ओढला आणि म्हणाल्या, "बेन, घर एवढं बघता, पग पण बघायचा. पग काय पारका आहे?" पट्टी करताना त्या काहीतरी गुणगुणायच्या आणि मध्येच विचारायच्या, आज भाजी काय केली. कळण्याच्या भाकरीचा तुकडा ठेच्याबरोबर नेऊन दिला की डोळ्यांत पाणी येईपर्यंत खायच्या आणि तिखट फार आहे म्हणायच्या. एकदा मात्र मला बजावलं होतं, की काळं पडलं तर थांबायचं नाही, नाहीतर पाय जाईल.

थंडी सरता सरता सिस्टर रोसिली गेल्या. झोपेतच गेल्या म्हणाले. मातीला मी गेले होते. बाकीच्या सिस्टर गात होत्या, कोणी ऊर बडवून रडलं नाही. त्यांचं घरचं माणूस एकही नव्हतं. केरळ कुठे, सुरत कुठे. मला ते फार लागलं. एवढी बाळंतपणं केलेली बाई आणि तिच्यामागे आई म्हणून रडायला कोणी नाही.

त्यानंतर दवाखान्यात तरुण सिस्टर पट्टी करायला बसू लागल्या. चांगल्या होत्या बिचाऱ्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बोलावलं, तर मी हसून म्हटलं, "भरली की जखम, सिस्टरबाईंच्या हाताने." हे मी का म्हटलं, ते आज सांगतानाही मान वर होत नाही. एका माणसाला तो पाय दाखवायची हिंमत मी कशीबशी गोळा केली होती. ते माणूस गेलं. दुसऱ्यांदा ती हिंमत येईना. झाकली मूठ म्हणून मी पायाला हळद लावली, फडकं बांधलं, वर मोजा चढवला. वासासाठी खाटेजवळ दिवसभर अगरबत्त्या आणि कापूर जाळायला लागले. कोणी विचारलं तर म्हणायची, डास झालेत. आमच्या ह्यांना वाटलं, बायको म्हातारपणी देवाला लागली. गावाला फोन करून त्यांनी ते कौतुकाने सांगितलंसुद्धा. मी ऐकत होते, आणि तो कापराचा धूर माझ्याच घशात बसत होता.

आखाजी जवळ आली. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आम्हा खान्देशी लोकांचा मोठा सण. त्या दिवशी आम्ही घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने नवी मातीची घागर पाण्याने भरतो, वर आंबा, खरबूज, सांजोरी ठेवतो, गवरीच्या निखाऱ्यावर जेवणाचा घास टाकतो, त्याला आगारी म्हणतात. आणि गेलेल्याच्या जागी एक माणूस जेवायला बोलावतो. तो त्या दिवसापुरता पितर. त्याचे पाय धुवायचे, गंध लावायचं आणि पोटभर वाढायचं. तो जेवला की आपलं माणूस जेवलं. मी ह्यांना म्हटलं, यंदा एक घागर सिस्टर रोसिलींची भरायची.

हे म्हणाले, "ती आपला गोतनी नही. तिना देव न्यारा."

"तिला पोरबाळ नाही, भाऊबंद इथं नाहीत. उन्हाळ्यात तिला पाणी कोण देणार?" मी विचारलं. हे तयार झाले. माणूस भला आहे, तहानेचं नाव काढलं की विरघळतो. पण मी त्यांना अर्धंच सांगितलं होतं. माझ्या मनात व्यवहार होता. घागर भरली तर सिस्टर वरून काहीतरी करतील आणि कोणाला न दाखवता पाय बरा होईल, असं मला वाटत होतं. अंगठा तोवर काळा पडायला लागला होता. सिस्टर रोसिलींचं बोलणं मला आठवत होतं, आणि तरीही मी मोजा चढवून पुरण वाटत बसले होते.

पितर म्हणून कोणाला बोलवायचं, हाही प्रश्नच होता. बाईच्या नावाने बाई बसते. सून म्हणाली, शेजारच्या काकूंना बोलवा. मी म्हटलं, सिस्टरच्या जागी सिस्टरच पाहिजे. दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टरांना जाऊन आमंत्रण दिलं. त्यांनी आमची रीत नीट समजून घेतली, थोड्या हसल्या, आणि येते म्हणाल्या. आल्या असत्या तर त्या जेवून, आशीर्वाद देऊन गेल्या असत्या आणि माझा पायही गेला असता. पण त्या दिवशी सकाळी त्यांना ताप भरला. त्यांच्याऐवजी दारात उभ्या राहिल्या त्या वेगळ्याच सिस्टर. वय झालेल्या, काळ्यासावळ्या, खांद्याला कापडी पिशवी. कुठल्याशा कामाने नंदुरबारकडून आल्या होत्या आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायच्या होत्या. मी नमस्कार केला तर त्या आमच्याच बोलीत म्हणाल्या, "मी उनू तं चाली ना, माय?" म्हणजे, मी आले तर चालेल ना. आयुष्य त्यांनी आमच्याकडच्या खेड्यांत, लोकांच्या जखमा धुण्यात घालवलं होतं. ह्यांचा चेहरा असा खुलला, जणू गावाकडचं माणूस आलं.

मी त्यांना पाटावर बसवलं आणि परातीत त्यांचे पाय धुवायला बसले. त्यांच्या टाचांना शेताला पडतात तशा भेगा होत्या. पंखा चालू होता, स्वयंपाकघरातून आमरसाचा आणि तुपाचा वास येत होता. खाली वाकल्यावर माझा मोजा घातलेला पाय साडीतून बाहेर आला. त्या उकाड्यात एका पायात मोजा. त्यांनी तो बघितला. मग त्या जरा पुढे वाकल्या, आणि मला कळलं की त्यांना वास आला. मी हात भरभर चालवायला लागले. पाणी सांडलं.

"माय, ऱ्हाऊ द्या," त्या हळूच म्हणाल्या. "आते तुम्हना पाय दखाडा."

मी नाही म्हटलं. त्या पाटावरून उठल्या, मला खांद्याला धरून त्याच पाटावर बसवलं आणि स्वतः खाली फरशीवर बसल्या. हे पाहुण्यांकडे बघत उभे, मुलगा दारात, सून वाटी घेऊन आलेली. पितराने यजमानणीला पाटावर बसवायचं, अशी रीत कुठेच नाही. मी पदर तोंडावर घेतला. मोजा फडक्याला आणि फडकं जखमेला चिकटलं होतं. त्यांनी परातीतलं पाणी ओतलं, नवं मागवलं, फडकं त्यात भिजवलं आणि हळूहळू सोडवलं. फडकं निघालं तसा वास खोलीभर पसरला. आमरस, तूप, कापूर, सगळ्यांवर तो बसला. सुरतेत वाढलेल्या सुनेच्या तोंडून गुजरातीतच निघालं, "मम्मी, आ शुं थयुं?" आणि ती वाटी खाली ठेवून बाहेर पळाली. धरणी दुभंगावी असं म्हणतात ना, मला त्या घटकेला खरंच तेच हवं होतं. ज्या फरशीवर मी कोणाला चप्पल घालून येऊ दिलं नाही, तिच्यावर माझ्या पायाचं पाणी वाहत होतं.

"लाज कसानी वं माय," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी पदर ओढला नाही. तसाच तोंडावर राहू दिला आणि पाय धूत राहिल्या. मग मला दुसरे हात जाणवले. हे खाली बसले होते आणि त्यांनी माझी टाच खालून धरली होती. "माले काब्र नही सांगं?" मला का सांगितलं नाहीस, एवढंच ते म्हणाले, पुन्हापुन्हा. लग्न झाल्यापासून त्या माणसाने माझ्या पायाला कधी हात लावला नव्हता, आणि लावला तो असा.

सिस्टरनी स्वच्छ फडक्यात पाय गुंडाळला आणि उठल्या. आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात जायचं म्हणाल्या. मी रडत होते तरी हट्टाने म्हटलं, पितर उपाशी जाणार नाही माझ्या घरातून. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, आणि मला वाटतं, त्यांना ते पटलं. ह्यांनी घाईने निखाऱ्यावर घास टाकला, घागरीला हात जोडले आणि सिस्टर रोसिलींचं नाव घेतलं. सून परत आली होती, डोळे पुसत तिनेच पानात गुंडाळून दोन सांजोऱ्या आणि पुरणपोळी त्यांच्या हातात दिली. रिक्षात एका बाजूला मी, एका बाजूला त्या, पुढे मुलगा. रिक्षात बसून जेवलेला पितर अख्ख्या खान्देशात कोणी ऐकला नसेल.

खाता खाता त्या आपल्या गेलेल्या सिस्टरांची नावं सांगत होत्या. एक सिस्टर क्लारा, जन्मभर मठाच्या चुलीपाशी उभी राहिली आणि बाहेर कोणी तिला ओळखलं नाही. एक सिस्टर बेनेडिक्टा, महारोग्यांच्या जखमा धुवायची, शेवटी तिच्याच हाताला कंप सुटला तर रात्रंदिवस रडली की आता धुणार कोण. एक सिस्टर मोनिका, पावसाळ्यात गावोगाव हिंडून तापाने गेली, वाटायला नेलेल्या लुगड्यांची बोचकी पाठीवर असतानाच. "तुम्हनी घागर एकच," त्या म्हणाल्या, "पन पाणी बठ्ठास्ले पुरी." म्हणजे सगळ्यांना पुरेल. मग प्रत्येक नावाला त्यांनी एकेक घास घेतला. मी पदराने तोंड पुसून नुसती ऐकत होते. एवढ्या बायका कोणाकोणाच्या पायांशी बसल्या आणि गेल्या, आणि मी माझा एक पाय उचलून कोणाच्या हातात द्यायला तयार नव्हते.

डॉक्टर म्हणाले, आणखी थोडे दिवस गेले असते तर गुडघ्यापासून काढावा लागला असता. दोन बोटं गेली, पाय राहिला. मी भूल उतरून जागी झाले तेव्हा सिस्टर गेल्या होत्या, त्यांची गाडी होती. नंतर भेट झाली नाही. मोठ्या सिस्टरांना ताप त्याच दिवशी का यावा, आणि जखमा धुण्यात हयात घालवलेली, आमची बोली बोलणारी बाई त्याच दिवशी सुरतेत का असावी, याचा मी काथ्याकूट करत नाही. सिस्टर रोसिलींनी पाठवलं की कानबाईमातेने, तेही विचारत नाही. मी मागितलं होतं की कोणाला न दाखवता बरं कर. ते मागणं त्यांनी साफ धुडकावलं आणि मला सगळ्यांसमोर उघडं केलं. माझ्यावर याहून मोठी कृपा कोणी केली नाही.

घरी आल्यावर मी देव्हाऱ्यासमोर गेले. मांडी घालता येत नाही, म्हणून पट्टीचा पाय सरळ मातेकडे करूनच बसावं लागलं. देवाकडे पाय करू नये असं मीच सगळ्यांना शिकवत आले. त्या दिवशी बसले तशीच आणि फार वेळ बसले. देवाला आपण धुतलेलं, पुसलेलं तेवढं दाखवतो आणि त्यालाच शरण जाणं म्हणतो. मला तरी आता वाटतं, की शरण जाणं म्हणजे फडकं सोडू देणं.

आता एक दिवसाआड त्याच दवाखान्यात जाते. ज्या तरुण सिस्टरांशी मी खोटं बोलले होते, त्याच पट्टी करतात. पहिल्या दिवशी मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्या कात्री शोधत म्हणाल्या, "आधी पाय द्या, मावशी." त्यांच्या मांडीवर पाय ठेवताना अजून कानशिलं तापतात. लाज गेलेली नाही, बहुधा जाणारही नाही. ती येते, आणि मी पाय देते.