दाजींचं लाल लेबल

आमच्या दाजींइतका कायदा मानणारा माणूस चाकणपासून थेरगावपर्यंत दुसरा झाला नाही, आणि कायद्याच्या नावाने त्यांच्याइतका लोकांचा जीवही कुणी खाल्ला नाही. निघोज्याजवळच्या एका कंपनीत ते तयार माल तपासत. पास झालेल्या पार्टला मागून हिरवं लेबल, नापास झालेल्याला समोरून लाल. माझी ताई गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली आणि लहान मुलगी दाजींच्या पदरात राहिली, तेव्हा ही पद्धत त्यांनी थेरगावच्या घरी आणली. मुलांच्या हाती अश्लील काही देणं गुन्हा आहे, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. तेवढ्यावर त्यांनी जगाची तपासणी सुरू केली. साप्ताहिकातल्या नट्या, साबणाच्या जाहिराती, न्हाव्याचं कॅलेंडर, कुणीही सुटलं नाही. डांगे चौकातल्या पेपरवाल्याला ते दटावत, "अठराच्या आतली पोरं बघत्यात, आन् तू हे टांगून ठिवलंस? आत जाशील!" एकदा तो हात जोडून म्हणाला, "दाजी, मासिक स्वयंपाकाचं आहे हो. ती कोंबडी आहे." दाजींनी चष्मा लावून कोंबडी नीट पाहिली. "मग अंगावर मसाला तरी घालायचा की!"

भाची मोठी होऊ लागली, तेव्हा मी तिला मुलींच्या वयात येण्याविषयी एक साधं पुस्तक दिलं. दाजींनी ते मधूनच उघडलं. नेमकी शरीराची आकृती निघाली. पुस्तकाला लाल लेबल लागलं आणि ते कपाटात बंद झालं. "पाव्हणं, पुढच्या खेपेला गोष्टीचं आणा," ते मला म्हणाले.

पुढे एका रविवारी मी गेलो, तर पोरगी भिंतीकडे तोंड करून पडलेली. जेवायला उठेना. दाजींनी परोपरीने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मला पण आईसारखं रक्त जातंय. मी पण मरणार ना?"

दाजी उठले. कपाटातून पुस्तक काढून त्यांनी लाल लेबल नखाने खरवडलं आणि मुलीसमोर बसून पहिल्या पानापासून मोठ्याने वाचू लागले. आकृतीचं पान आलं. खाकरून त्यांनी तेही वाचलं, एक ओळ न गाळता. मग पुस्तकाच्या मागे हिरवं लेबल लावलं. "तुझं काय चुकलं न्हाई, बाय. तपासणी माझी चुकली."

गेल्या महिन्यात दाजी गेले. तेराव्याला त्यांचा फोटो भिंतीवर तिरका बसत होता, म्हणून मी तो उतरवून उलटा केला. मागे हिरवं लेबल होतं.

"लाव ना मामा," भाची दुसरीकडे बघत म्हणाली. "तसाच लाव."