तळहातावरचा आकडा

हवालदार तारेला हात लावण्याआधी डाव्या तळहातावर जांभळ्या पेन्सिलीने गणित मांडत. पेन्सिल जिभेने ओली करत, म्हणून जीभही कायम जांभळी. लढाईवरून परतल्यावर ते साताऱ्यात आमच्या शेजारच्या खोलीत राहायला आले आणि घरोघरी विजेची कामं करू लागले. शिक्षण चौथी, बाकी सगळं पलटणीत झालेलं. पलटणीत राहूनही चहाला मात्र ते शिवले नव्हते. कुणी आग्रह केला तर म्हणत, "चहानं हात कापतोय माझा. माझा हात कापला तर दुसऱ्याचं घर जळंल."

दुसरी खोड अशी, की गणित त्यांना एकट्याचं चालत नसे. समोरच्याला पाठ फिरवून तेच गणित करायला लावत, आणि दोन उत्तरं जुळली तरच तार जोडत. "एकाचं उत्तर म्हंजे निस्ता अंदाज, मास्तर." मी हायस्कुलात विज्ञान शिकवणारा, ओहमचा नियम मला झोपेतही पाठ. मला हे सगळं फौजी नाटक वाटे आणि मी तसं तोंडावर म्हणतही असे. ते हसत आणि पुन्हा पेन्सिल जिभेला लावत.

त्या थंडीत सुमतीला, माझ्या पत्नीला, सातव्याच महिन्यात मुलगी झाली. मुठीएवढं डोकं, रडायचाही जोर नाही. डॉक्टरीणबाईंनी तिला आमच्या घरीच लाकडी पेटीत ठेवलं. पेटीच्या तळाशी, जाळीखाली, तीस-तीस वॅटचे दोन दिवे. "ऊब तुटली तर मुलगी हाती लागणार नाही," असं त्यांनी स्पष्टच सांगितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तारांवर झाड पडलं आणि सगळ्या पेठेची वीज गेली.

गरम पाण्याच्या बाटल्या ठेवून पाहिल्या. त्या आधी चटका देत आणि मग बघता बघता गार पडत. मी धावत जाऊन हवालदारांना बोलावलं. ते ओळखीच्या लॉरीची बॅटरी खांद्यावर घेऊन आले, विजेच्या शेगडीच्या तारेचं वेटोळं आणलं, आणि मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं.

"साठ वॅट पायजेत. बॅटरी बारा व्होल्टची. करा."

"अहो, पोर गार पडतंय आणि तुम्हाला गणितं सुचतात!"

"करा म्हंतो न्हवं!"

मी मांडलं. साठला बाराने भागलं, पाच अँपिअर. बाराला पाचाने भागलं, रोध दोन पूर्णांक चार दशांश ओहम. वळून पाहिलं तर त्यांच्या तळहातावरही तेच.

"ही तार हाताला चार दशांश ओहम. म्हंजी सा हात," म्हणत त्यांनी कोपरापासून मोजून सहा हात तार तोडली, कौलावर गुंडाळली आणि कौल जाळीखाली सरकवलं. तासाभरात पेटीतल्या थर्मामीटरचा पारा वर आला. मुलीने पाय हलवला तेव्हा मला रडू फुटलं.

दुपारी ती जुनी बॅटरी दमू लागली. हवालदारांनी दुसरी आणून माझ्याजवळ ठेवली. "हात लावू नगा. तोंडावर पाणी मारून आलोच," म्हणून ते मागच्या नळावर गेले. इकडे पारा उतरत होता. मुलीची नखं निळसर दिसली आणि माझा धीर सुटला. एकीने एवढी ऊब, तर दोन्हींनी दुप्पट, पारा झटकन वर येईल, एवढंच डोक्यात होतं. शाळेत प्रयोगाला जोडतो तशा मी दोन्ही बॅटऱ्या एकीपुढे एक जोडल्या.

तार लाल झाली. लाकूड करपल्याचा वास आला, आणि मी, विज्ञानाचा मास्तर, नुसता बघत उभा राहिलो. हवालदार दारातून झेपावले. उघड्या डाव्या हाताने त्यांनी कौल बाहेर ओढलं आणि उजव्याने बॅटरीची जोडणी उपटली. मुलगी जन्मल्यापासून पहिल्यांदाच मोठ्याने रडली. ते रडणं ऐकून ते भिंतीला टेकले.

"व्होल्ट दुप्पट केलं की अँपिअर बी दुप्पट हुतोय, मास्तर. ऊब चौपट. तुमीच शिकवता न्हवं वर्गात?"

आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला. मग त्यांनी नवी बॅटरी एकटी जोडायला घेतली. पण आधी मला पुन्हा भिंतीकडे वळवलं. या खेपेला स्वतःचा आकडा त्यांनी माझ्या तळहातावर लिहिला. त्यांच्या हातावर जागाच उरली नव्हती.

बाळंतिणीच्या खाटेच्या पडद्यामागून सुमतीने घाबरून विचारलं, "काय झालं हो?"

"काय न्हाई वैनी. च्या प्यायला घ्येतला, त्येचं भांडं लागलं हाताला."

मी गप्प राहिलो. मुलगी वाचली, आणि माझं ते गप्प राहणं तसंच राहून गेलं. पुढे हवालदार सांगलीला एका तेलाच्या गिरणीत कामाला गेले. डाव्या हातावर पेन्सिल उठेनाशी झाली होती. निघताना म्हणाले, "आता तिकडं कुणाचा तरी हात मागाया लागंल."

तीन वर्षांनी सांगलीहून निरोप आला, हवालदार तापाने गेले. घरी आलो तर मुलगी उंबऱ्यावर उड्या मारत होती आणि सुमती तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. दुसरी बॅटरी, लाल झालेली तार, त्यांचा भाजलेला हात.

तिने सूप खाली ठेवलं नाही. "हवालदार चहा कधी पीत होते?" एवढंच म्हणाली.

तिने तिचं गणित त्याच दिवशी पडद्यामागे करून ठेवलं होतं. माझं उत्तर येईपर्यंत तीन वर्षं ती थांबली होती.