मोजणीत न धरलेली खोली

दिल्लीत द्वारकेला आमच्या बँकेच्या शाखेत व्हॅल्युअर येतात ते बहुतेक पोट पुढे, फाइल मागे अशा चालीने. कर्ज द्यायच्या घराची किंमत ठरवणं हे त्यांचं काम. शाखेला किती किंमत हवी आहे, हे मात्र त्यांना घर बघायच्या आधीच कळलेलं असतं. म्हणून स्वरूपा पवार पहिल्या दिवशी आली आणि तिने आधी ‘घर कुठे आहे?’ असं विचारलं, तेव्हा मला जरा गंमतच वाटली.

ती लष्करातल्या हवालदाराची मुलगी. अंबाला, पठाणकोट आणि शेवटी दिल्ली कँट अशा क्वार्टरांतून वाढलेली. बदली झाली की क्वार्टर परत द्यायचं. मग सरकारी माणूस येऊन नळ, कड्या, बिजागऱ्या मोजायचा आणि काच तडकलेली दिसली की वडिलांच्या पगारातून कापायचा. त्यामुळे तिला कुठलंही घर आधी त्या माणसाच्या डोळ्यांनी दिसतं. पुढे ओळख वाढल्यावर एकदा माझ्या खोलीवर चहाला आली, तर भिंतीकडे बघत म्हणाली, “ही ओल वरच्या बाथरूमची आहे. मालकाला सांग.” चहाबद्दल अवाक्षर नाही. चहा मी आलं घालून केला होता.

सिव्हिल इंजिनिअर झाल्यावर ती फरीदाबादच्या एका म्हाताऱ्या व्हॅल्युअरकडे कित्येक वर्षं राबली. उन्हातान्हात प्लॉट मोजायचे तिने, रिपोर्ट लिहायचे तिने, आणि खाली सही त्यांची. मग कोर्स केला, परीक्षा दिली. पहिल्या वेळी नापास झाली, कारण चुकीच्या उत्तराला गुण कापतात आणि बाईंना एकही प्रश्न सोडून देववत नव्हता. दुसऱ्या वेळी सोडायला शिकली आणि पास झाली. नोंदणी क्रमांक आला तेव्हा वडील म्हणाले, “म्हणजे आता सही तुझी?”

“हो. आणि चुकले तर मानही माझीच.”

पण नुसत्या क्रमांकाला कोण विचारतो? कुठल्यातरी बँकेच्या यादीत नाव लागलं तर काम. आमचे मॅनेजर अनुराग सर यांनी तिला एक केस देऊन बघायचं ठरवलं. रिपोर्ट पसंत पडला तर यादीत नाव, नाहीतर पुन्हा फरीदाबादला टेपचं दुसरं टोक धरायला. हे त्यांनी हसत हसत सांगितलं, पण सांगितलं.

केस होती संपतराव जगदाळे यांची. इथल्याच एका केंद्रीय मंत्रालयात नोकरी, निवृत्ती जवळ आलेली, म्हणजे सरकारी क्वार्टरही सुटणार. एका सोसायटीतला तीन बेडरूमचा फ्लॅट त्यांनी पसंत केला होता. बँकेतर्फे मीही बरोबर गेलो. विकणाऱ्याने किल्ली देऊन ठेवली होती, घर रिकामं होतं. रिकामं म्हणजे, संपतरावांच्या पत्नी विजयमालाकाकू तिथे शिऱ्याचा डबा घेऊन आमच्या आधीच हजर होत्या.

“पवार? कुठले पवार?” काकूंनी दारातच सुरुवात केली.

“आमचं गाव फलटणजवळ.”

“अच्छा! माझी मावसबहीण फलटणला दिलीय. अहो, ऐकलंत का, आपलीच मुलगी निघाली.”

दिल्लीत मराठी माणसाला मराठी माणूस भेटला की पाच मिनिटांत नातं निघतं. इथे दोन मिनिटांतच निघालं. स्वरूपा लेझरने हॉल मोजत होती. काकूंनी तिला थांबवून हळदीकुंकू लावलं, ओढणीत नारळ आणि तांदूळ घातले. “नव्या घरात पहिली लेक आलीस, रिकाम्या हाताने कशी जाशील?” आता एका हाताने नारळ सांभाळायचा आणि दुसऱ्या हाताने किचन मोजायचं, हे त्या कोर्समध्ये शिकवत नसावेत. तिने दोन्ही केलं. शिरा मात्र “नंतर” म्हणत टाळला. तो मी खाल्ला. मला कुठे किंमत ठरवायची होती?

मग ती तिसऱ्या बेडरूममध्ये गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी डोकावलो तर बाई खिडकीतून अर्ध्या बाहेर वाकून खालचे मजले बघत होत्या. ही खोली मुळात बाल्कनी. मागे कधीतरी ती बाहेर वाढवून तिला भिंती घातल्या होत्या. नकाशात नाही, मंजुरी नाही. नेमकं तिथेच काकूंचं देवघर ठरलेलं.

“काकू, ही खोली रिपोर्टात धरता येणार नाही.”

“धरता येणार नाही म्हणजे? आपण उभ्या आहोत ना तिच्यात?”

“उभ्या आहोत. पण उद्या कुणी पाडायला सांगितली तर ती उरणार नाही. बँकेसाठी हे घर दोन बेडरूमचं.”

संपतराव इतका वेळ नळ उघडून बघत होते. ते आले. “हे बघ पोरी, दोन बेडरूम लिहिलंस तर कर्ज कमी बसेल आणि घर हातचं जाईल. क्वार्टर सुटल्यावर आम्ही कुठे जायचं? तू तर आपली आहेस.”

 तिने नारळ खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, पडू नये म्हणून हाताने टेकवला.

“काका, खोली पाडली तर बँक मला धरेल. तुम्ही कुणाला धराल? तुम्ही तर पैसे देऊन बसलेले असाल.”

परतताना काकूंनी डब्याचं झाकण जरा जोरात लावलं.

दुसऱ्या दिवशी अनुराग सरांच्या केबिनमध्ये वेगळी पूजा. दार उघडंच होतं, माझं टेबल समोर.

“मॅडम, पूरे द्वारका में बालकनी बंद है। आधी दिल्ली ऐसे ही कमरों में सोती है।”

“सोने दीजिए सर। मैं किसी को उठा नहीं रही, सिर्फ़ गिन नहीं रही।”

“आपका पहला केस है। सोच लीजिए।”

“सोचके ही लिखा है।”

बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. मी म्हटलं, “यार, एकच तर खोली होती.” ती म्हणाली, “पहिल्या रिपोर्टात एक धरली, की पुढच्यात गच्ची धरायला सांगतील.” आणि मेट्रो पकडायला निघून गेली. मला तेव्हा वाटलं, गेली ही फरीदाबादला.

गेलीच. पुढची प्रकरणं सरांनी त्या पोट पुढे, फाइल मागेवाल्यांना दिली. इकडे काकूंनी काय करावं? तोच रिपोर्ट पर्समध्ये घालून विकणाऱ्याकडे गेल्या आणि दोन बेडरूमचाच भाव लावून धरला. तो आधी चिडला, मग घासाघीस करत बराच खाली आला. उरलेलं संपतरावांनी फंडातून घातलं. देवघर किचनमध्ये आलं. वास्तुशांतीला मला बोलावलं, जेवायला आग्रह केला. स्वरूपाला बोलावलं नाही. मी विषय काढला तर काकू म्हणाल्या, “ती मुलगी चांगलीच आहे रे. पण माझी खोली पुसली तिने.” मी पुढची जिलबी घेतली.

स्वरूपाला हे सांगितलं तर म्हणाली, “मीही रागावले असते.” आणि पुन्हा दुसऱ्याच्या सहीसाठी मोजत राहिली, तितकंच नीट. हे मला जमलं नसतं.

असेच काही महिने गेले. एक दिवस अनुराग सरांनी मला आत बोलावलं, दार लावून घेतलं आणि तिचा नंबर मागितला. स्वतःसाठी फ्लॅट बघत होते. फोन त्यांनी माझ्यासमोरच लावला, स्पीकरवर.

“मॅडम, एक फ्लैट देखना है। मेरा अपना है, लोन का नहीं। मतलब, मैं ख़रीद रहा हूँ।”

“सर, आपके तो इतने वैल्यूअर हैं।”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताच्या पंख्याकडे पाहिलं.

“उनसे क्या पूछूँ,” सर म्हणाले, “वो तो मुझसे ही पूछेंगे कि कितना लिखना है।”

 पलीकडून तिचा अगदी कोरा आवाज आला, “आऊँगी सर। फ़ीस पूरी लगेगी। और लिस्ट में मेरा नाम?”

सरांनी माझ्यापुढे यादीचा कागद सरकवला आणि हातानेच खूण केली, लिही.