'कुटी'समोरचा बंगला

मिरजगावात कुणाचं घर केवढं, हे पाटीवरून ओळखायला जाऊ नका, हमखास फसाल. कारभारी पेंटरला विचारा. पस्तीस वर्षं लोकांच्या घरांवर नावं रंगवून त्याचे गुडघे गेले, पण माणसं कळली. दोन खोल्यांवर स्लॅब पडला की माणूस 'महाल' लिहून मागतो, आणि तीन मजले चढवले की त्यालाच एकदम साधेपणा आठवतो, मग पाटीवर 'कुटी' हवी असते. वाडा म्हणायचा तर मधे चौक पाहिजे, माडी म्हणायची तर जिना पाहिजे. बंगल्याला मात्र काहीच लागत नाही. डोक्यावर पत्रा नसला की झाला बंगला! कारभारी हे टपरीवर सांगायचा तेव्हा लोक पोट धरून हसायचे.

त्याच्या स्वतःच्या घराला पाटी नव्हती. दोन खोल्या, वर स्लॅब, पुढं न्हाणीघर. तेही परवा परवा बांधलं, पोराच्या लग्नासाठी. कल्याण तेहतीस वर्षांचा झालेला. दुधाचा टेम्पो चालवतो, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. अकरा ठिकाणची माणसं येऊन पोहे खाऊन गेली. सगळे एकच बोलायचे, "पोरगा चांगलाय हो, पण घर..." त्या 'पण'पाशी रंगुबाईचं, म्हणजे कल्याणच्या आईचं, काळीज दर वेळी लककन हलायचं.

बारावं स्थळ रंगुबाईच्या भावानं आणलं. जामखेडकडची आरती, बारावी शिकलेली. पोरीला कल्याणचा फोटो पसंत होता, फक्त बाप आणि मामा घर बघायला येणार होते. भाऊ ज्ञानेश्वर फोनवर म्हणाला, "दाजी, घराचं काय सांगू त्यांना?"

आता बघा, जन्मभर ज्या शब्दावर हसला, तोच शब्द या शहाण्याच्या तोंडून निघाला. "सांग की बंगला हाय म्हनून. समदेच म्हनत्यात."

रविवारी सकाळी त्यानं दारावर बारीक अक्षरात 'कल्याण निवास' लिहिलं. 'बंगला' लिहायला हात धजला नाही. कल्याणनं इस्त्रीचा शर्ट घातला. अकराच्या सुमाराला पाहुण्यांची गाडी आली, दारासमोर हळू झाली आणि समोरच्या बाजूला वळून थांबली. समोर गोरक्षनाथचं घर. भावकीतलाच, सिमेंटचं दुकान, तीन मजले, फाटकावर कारभारीनंच रंगवलेली 'मातोश्री कुटी'. बंगला बघायला आलेला माणूस दुसरीकडं कशाला जाईल? पाहुणे फाटक उघडून सरळ आत.

"ओ पाव्हनं!" कारभारी ओरडला. ऐकतंय कोण. दुखऱ्या गुडघ्यानं रस्ता ओलांडून तो पोचला, तोवर पाहुणे सोफ्यावर बसले होते. गोरक्षनाथच्या बायकोनं पाणी दिलं होतं, दारात आलेल्या माणसाला देतात तसं. पोरीचा बाप छताकडं बघत मामाला म्हणत होता, "सांगितलं हुतं त्याच्यापरीस लईच भारी हाय की बंगला!"

कारभारीला वाटलं, जमिनीनं आपल्याला पोटात घ्यावं. तो म्हणाला, "पाव्हनं, ह्यो न्हाई. आपलं समोर हाय."

पाहुणे समोर आले. बिचारे वाईट काही बोलले नाहीत. मामानं दोन खोल्या बघून तिसरीसाठी इकडंतिकडं पाहिलं, तेवढंच. पोहे अर्धे ताटलीत राहिले. "कळवतो," म्हणाले आणि गेले. ज्ञानेश्वर मोटरसायकलवरून पोचला तेव्हा नुसती धूळ उडत होती.

आठ दिवसांनी गोरक्षनाथ आला, खाली मान घालून. त्याचा हर्षलही एकतीसचा, तोही बिनलग्नाचाच. "कारभारी, त्यांचा फोन आला. हर्षलचं विचारत्यात. तू न्हाई म्हन, मी आत्ताच्या आत्ता मोडतो. तुझ्या गळ्याची आन."

आता काय बोलायचं सांगा! शेजारी लबाड असता तर चार शिव्या तरी देता आल्या असत्या. पोरीचा बाप तरी चुकला कुठं? आत रंगुबाई भांडी आपटत होती. कारभारीनं दाराकडं पाहिलं. तिथं कल्याण उभा होता.

"मी पोरीचा बाप असतो तर म्याबी त्येच केलं असतं, अण्णा," कल्याण गोरक्षनाथला म्हणाला. "करा तुमी." आणि टेम्पोची किल्ली घेऊन बाहेर पडला. कारभारीला बारा स्थळं गेल्याचं दुःख एकदम त्या दिवशी झालं.

हर्षलचं आरतीशी ठरलं. लग्नाच्या आधी लग्नघराच्या भिंतीवर नवरानवरीची नावं घालायची पद्धत गावात अजून आहे. फ्लेक्स कितीही लागोत, भिंतीवरचं रंगानंच हवं. आणि रंगवणारा गावात एकच. गोरक्षनाथ दोनदा म्हणाला, "कर्जतहून दुसरा आनतो." कारभारी ऐकेना. दुसरा आला तर गाव चार तोंडांनी बोलेल, त्यापेक्षा आपणच गेलेलं बरं. कल्याण आपण होऊन शिडी धरायला आला.

गणपती झाला, 'शुभविवाह' झालं. मग कारभारीनं लाल रंगात ब्रश बुडवून 'चि.' काढलं, आणि त्याचा हात न थांबता पुढचं अक्षर काढून मोकळा झाला. 'क'. किती वर्षं तो ही ओळ मनात लिहीत होता! हाताला काय ठाऊक, भिंत कुणाची ते.

तो तसाच शिडीवर थांबला. पुसायचं बळ काही अंगात येईना.

खालून कल्याणनं रॉकेलचा बोळा वर धरला. "पुसा, आबा," तो म्हणाला. "वाळलं तर निघायचं न्हाई."