नानांचं गॅरेज आणि माझं कपाट

धुळ्याहून नानांच्या मुलीचा, सुनीताचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "काका, नाना गेले. सकाळी चहा घेतला आणि बसल्या जागी..." नाना आणि वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, दोन दिवसांपूर्वीच तिच्याकडे गेले होते. मी काय बोललो ते आठवत नाही. पण मनात पहिलं काय आलं ते पक्कं आठवतं आणि त्याची लाज वाटते. दुःख नंतर आलं, आधी आली भीती. नानांना दीड वर्ष जवळजवळ दिसत नव्हतं आणि हे त्यांच्याखेरीज एकट्या मला ठाऊक होतं. वहिनींना नाही, मुलांना नाही. कुणाला सांगणार नाही असा शब्द मी दिला होता. आता शब्द घेणारा गेला होता आणि संध्याकाळी वहिनी नानांना घेऊन धुळ्याहून परत येणार होत्या.

जळगावात आमची घरं भिंतीला भिंत लावून. नाना मूळचे धरणगावकडचे, पाइपच्या कारखान्यात उभी हयात फिटर म्हणून काढलेले. निवृत्त झाल्यावर मुलानं गाडी पुण्याला नेली, गॅरेज रिकामं झालं आणि नानांनी तिथं आपला संसार मांडला. नशिराबादपासूनचे शेतकरी फवारणीचे पंप घेऊन यायचे. समोरच्या भिंतीवर ओळीनं खिळे आणि प्रत्येक खिळ्यावर एक हत्यार. नटबोल्ट तेलाच्या कापलेल्या डब्यांत. मी कचेरीत जन्मभर दप्तरं लावत आलेला माणूस, मला ती भिंत बघवायची नाही. पक्कड एकीकडे, पाने दुसरीकडे, दोन हातोड्यांची तोंडं दोन दिशांना. "नाना, ही काय मांडणी म्हणायची?" असं मी विचारलं की ते हसून आपल्या अहिराणीत सांगायचे. "भाऊसाहेब, हात वर गया का पक्कड, कोपर वाकाडं का पाना, कंबरजोडे हातोडा. धारवालं बठ्ठं उजवीकडे. डोकं कसाले लावानं?" म्हणजे सगळं हाताच्या सवयीनं, डोक्याला काम नाही. मी मनात म्हणायचो, फिटर तो फिटरच.

मग दीड वर्षापूर्वी सुनीताच्या नव्या घराची वास्तुशांत निघाली. नाना आणि वहिनी आठ दिवस धुळ्याला गेले आणि झाडांना पाणी घालायला घराची आणि गॅरेजची चावी माझ्याकडे दिली. मला हुक्की आली. नानांना चकित करायचं. बाजारातली हार्डवेअरची चार दुकानं पालथी घातली. चाकांची ट्रॉली पाहिली, ती लादीवर डुगडुगत होती. हत्यारं अडकवायचा भोकांचा पत्रा पाहिला, पण उघड्यावर ठेवलेलं सगळं आपल्याकडच्या उन्हाळ्यात धुळीनं माखतं. शेवटी चोवीस खणांचं लोखंडी कपाट घेतलं. चार दिवस बसून मी मापाप्रमाणं, जातीप्रमाणं सगळं लावलं. प्रत्येक खणावर चिठ्ठी. माझं अक्षर चांगलं आहे हे मीच सांगतो. आणि एवढ्यावर थांबेन तर मी कसला! भिंतीतले खिळे उपटले, भोकं पुट्टीनं बुजवली, वर चुन्याचा हात दिला.

नाना आले ते सरळ गॅरेजमध्ये. मी मागं उभा, शाबासकीची वाट बघत. त्यांनी हात वर केला. हात भिंतीवरून घसरला. डावीकडे गेला, उजवीकडे गेला, परत वर गेला. "मन्हं बठ्ठं कोठे शे?" हा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. मी आपला हसतोय, "अहो नाना, चिठ्ठ्या वाचा की!" ते कपाटापुढं आले, चाचपून एक खण ओढला आणि आत हात घातला. करवतीची पाती होती त्यात. रक्त खणाच्या कडेवरून माझ्या चिठ्ठीवर ओघळलं. चिठ्ठी त्यांच्या नाकासमोर होती आणि नाना तिच्या बाजूला कुठंतरी बघत होते. तेव्हा मला कळलं, नानांना दिसत नाही.

मी रुमाल बांधत होतो. स्वयंपाकघरातून वहिनींनी विचारलं, "चहा टाकू का?" नानांनी माझं मनगट धरलं. त्या पकडीत कारखान्यातलं सगळं बळ होतं. "कोनले सांगू नको, भाऊ. हाई गॅरेजनं दार बंद करी देतीन. मंग मी दिवसभर काय करू?" एवढ्यात पावलं वाजली. वहिनी दारात आल्या, रक्त पाहून दचकल्या. मी म्हणालो, "माझ्याच हातून पातं निसटलं, वहिनी." त्या माझ्यावर चिडल्या. नानांनी पकड सोडली.

नंतरच्या पंधरा दिवसांत आम्ही ती भिंत परत होती तशी लावली. नाना उभे राहायचे, हात लांबवायचे, "आठे" म्हणायचे, मी खडूनं खूण करून खिळा ठोकायचो. एक खिळा बोटभर चुकला तरी पुन्हा काढायला लावायचे. माझ्या दोन अटी होत्या. ग्राइंडर माझ्या घरी राहील आणि डोळे दाखवायचे. पंपाचं सामान आणायच्या निमित्तानं मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू. गेलेली नजर येणार नाही, उरलेली राखायची तर थेंब रोज, वेळेवर. थेंबांची बाटली वॉशरच्या डब्यात लपवली. संध्याकाळचे थेंब मी घालायचो. रात्रीचे आणि सकाळचे राहून जायचे, कारण त्या वेळी नाना घरात असायचे आणि बाटली गॅरेजमध्ये. मला हे कळत होतं. रोज ठरवायचो, आज वहिनींना सांगायचं. रोज नाना पंप उघडून बसलेले असायचे, बोटांनी वॉशरची कड तपासत, चेहरा एकदम निवांत... आणि मी गप्प बसायचो. करवत चालू झाली की मी भिंतीला कान लावायचो. उरलीसुरली नजरही हळूहळू गेली.

दिवस-कार्य आटोपलं. नानांचा मुलगा म्हणाला, "काका, गॅरेज रिकामं करू." तेव्हा मला राहवलं नाही. वहिनींसमोर बसून मी सगळं सांगितलं. कपाट, पातं, काचबिंदू, थेंब. थेंबांवरून त्या मला बोल लावतील, याची मी तयारी केली होती. त्या थेंबांबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत.

"दीड वर्ष?" त्यांनी विचारलं.

"हो."

"ओट्यावरचा पाण्याचा तांब्या इंचभर सरकला तरी ओरडायचे माझ्यावर. खुर्ची हलवली तर ओरडायचे. मी म्हणायची, म्हातारपणी डोकं फिरलं ह्यांचं. चार-चार दिवस बोलायची नाही. मुद्दाम हलवायची तांब्या, भाऊजी. मुद्दाम." त्यांनी पदर तोंडाशी धरला. "धुळ्याला निघायच्या दिवशीही हलवला होता. आणि हे तुम्हाला माहीत होतं. मला नाही."

मी हात जोडले. त्यांनी तिकडं पाहिलं नाही. मी शब्द पाळला याचा दीड वर्ष मला थोडा अभिमान होता, हे कबूल करतो. त्या शब्दाची झळ कुणाला लागत होती ते मी शेजारी राहून पाहिलं नाही.

गॅरेज वहिनींनी रिकामं करू दिलं नाही. माझ्याशी त्या बोलत नाहीत. परवा दुपारी गॅरेजची माझ्याकडची चावी परत द्यायला गेलो. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडं होतं. वहिनी ओट्यापाशी डोळे मिटून उभ्या होत्या. त्यांनी हात पुढं केला, तो चुकला, पेला खाली पडला. परत केला, परत चुकला. चौथ्या वेळी हात तांब्यावर पडला. तो तसाच धरून त्या खाली बसल्या आणि मोठ्यानं रडल्या.  चावी खिडकीत ठेवली आणि घरी आलो.