मलमवाल्याचं दुकान आज मी रिकामं केलं

मंडळी, आज काळीज थंड झालं.

माह्ये बाबा भातकुलीले भाजी पिकवतात. त्यायले शुगर आहे. पायाच्या अंगठ्याले काटा रुतला, तर अंजनगावच्या एका मलमवाल्यानं "डॉक्टरकडे जाऊ नका, जखम मीच भरून देतो" म्हणून झुलवत ठेवलं. शेवटी अमरावतीत अंगठा कापावा लागला.

तिथल्या डॉक्टर मॅडमनं समजावलं, "जखमेतलं मेलेलं मांस आपल्याच शरीरातली एन्झाइम्स साफ करतात अन् काम झालं की आवरतात. शुगर वाढलेली असली की ती आवरत नाहीत, नवं मांसही खातात. वरून मलम लावून ते थांबत नाही."

आज बाबाले घेऊन मी त्या दुकानात गेली. बाकड्यावर पेशंट बसून होते. बाबाची चप्पल काढून सगळ्यायले पाय दाखवला अन् मॅडमचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

मलमवाला ओरडला, "ओ ताई, माह्या पोटावर कावून पाय देता?"

"पाय तर तुमीच अधुरा केला आमचा!"

एकेक करून सगळे पेशंट उठून गेले.

बाबा म्हणाले, "बस कर पोरी, झालं आता."

माह्यं नाही झालं. उद्या तक्रार देणार आहे. सांगा, तुमी असते तर माफ केलं असतं?